व्याजावाचून अर्थव्यवहार : एका संशोधनशाखेचा विस्तार

व्याज निषिद्ध मानूनही बँक चालू शकते काय, हा प्रश्न धर्मचर्चेतून विद्यापीठांत कसा आला, हा इतिहास मला विलक्षण उद्बोधक वाटतो. १९७६ साली मक्केत इस्लामी अर्थशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि पुढल्याच वर्षी जेद्दाच्या किंग अब्दुल अझीझ विद्यापीठात संशोधनकेंद्र उभे राहिले. तेथे पुढे अध्यापन करणारे, मूळचे गोरखपूरचे व अलीगढला घडलेले मुहम्मद नजातुल्ला सिद्दीकी यांनी नफातोट्यातील भागीदारीवर आधारलेल्या बँकेची तात्त्विक बांधणी केली.

आरंभीचे लेखन असे सिद्धान्तप्रधान होते; मात्र बँकांचे वर्षानुवर्षांचे ताळेबंद हाती येताच सांख्यिकीय संशोधन वाढले आणि २००८ च्या जागतिक अरिष्टानंतर त्याला वेग आला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील चिहाक व हेसे या अभ्यासकांना असे आढळले की, लहान इस्लामी बँका लहान प्रचलित बँकांहून अधिक स्थिर असतात, परंतु मोठ्या बँकांच्या बाबतीत हे पारडे उलटते. कोणत्याही पक्षाची सरसकट वकिली न करणारा हा निष्कर्ष मला बहुमोल वाटतो.

ग्रंथांत भागीदारीला अग्रमान असला, तरी व्यवहारात ठरावीक नफा चढवून माल उधारीने विकण्याचा मुराबहा करारच अधिक रूढ आहे, आणि या तफावतीची मीमांसा आज मलेशियापासून ब्रिटनमधील डरहॅम विद्यापीठापर्यंतचे संशोधक करीत आहेत.