कूलरचा धक्का आणि ग्राहकाची दाद
यवतमाळ जिल्ह्यात वैशाख पेटला की दारव्हा, पुसद, वणी येथील घराघरांतून पत्र्याचे कूलर घरघरू लागतात. आणि ज्या यंत्राने जीव निववावा, त्याच्याच ओल्या पत्र्याला हात लागून माणूस दगावला, तरी आपण ते दैवावर सोडून मोकळे होतो, हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते. पाण्यात बुडालेल्या टुल्लू पंपाच्या वायरचे आवरण फाटले म्हणजे वीज पाण्यावाटे पत्र्यात उतरते, आणि अर्थिंग नसेल तर स्पर्श करणाऱ्याच्या देहातूनच ती जमिनीकडे वाट काढते. घरचे अर्थिंग सांभाळणे हे आपले कर्तव्य खरे. परंतु पत्र्याच्या कूलरला दोनच पिनांचा प्लग बसवून तो बाजारात धाडणाऱ्या कारखानदाराचे उत्तरदायित्व त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

२० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, सदोष रचना, सदोष निर्मिती किंवा अपुऱ्या सूचना यांमुळे झालेल्या इजेची भरपाई उत्पादकाकडून मागण्याचा हक्क दिला आहे. आणि कारखाना कितीही दूर असो, उमरखेडच्या ग्राहकास यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढेच फिर्याद गुदरता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत मात्र २ वर्षांची. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. खरेदीच्या वेळी पक्के बिल हट्टाने मागा, आणि दुर्घटना घडलीच तर जळालेला पंप वायरीसकट जपून ठेवा. भंगारवाल्यास देऊ नका, कारण आयोगापुढे तोच मुख्य पुरावा ठरतो.