कलम एकोणसत्तर

1875 च्या उन्हाळ्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि नगर या तालुक्यांतील कुळांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे ओढून काढून त्यांची होळी केली, ही हकीकत नगरच्या केडगावातील वाचकास नव्याने सांगावयास नको. माझे कुतूहल त्या होळीपेक्षा तिच्यामागून आलेल्या 1879 च्या सतराव्या कायद्यात, म्हणजे डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टात, आणि त्यातही त्याच्या शेवटाकडील, अभ्यासकांनी बहुधा ओलांडलेल्या एका कलमात फार वर्षे गुंतलेले आहे.

पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झालेल्या या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैद करण्याची चाल बंद केली व रोख्यामागील मूळ व्यवहार उकलून पाहण्याचे कर्तव्य न्यायाधीशावर घातले, हे सर्वश्रुत आहे. अडुसष्टाव्या कलमाने समेट घडविणारे अधिकारी आणि गावमुन्सफ यांच्यासमोर, तसेच शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत, सर्वसाधारणपणे वकिलास मज्जाव केला. एकोणसत्तरावे कलम मात्र असे, की शेतकऱ्याविरुद्ध वकील उभा असेल, आणि योग्य वकील देण्याचे साधन त्या शेतकऱ्यापाशी नाही असे न्यायाधीशाचे मत झाले, तर शेतकऱ्याच्या संमतीने सरकारी वकिलास, अथवा तयार असलेल्या अन्य लायक इसमास, त्याच्या बाजूने उभे राहण्याचा हुकूम करता यावा. निर्धनास सरकारच्या हुकमाने वकील मिळावा हे तत्त्व नगर जिल्ह्यातील दिवाणी कोर्टांत इतक्या आधी लागू झाले होते, याची दखल आपल्याकडे फार थोड्यांनी घेतली, आणि ही उपेक्षा मला अन्याय्य वाटते.

कलमातील उणीवही तितकीच उघड आहे. प्रतिपक्षाचा वकील आल्यावाचून साहाय्य नाही, आणि ते देणे न देणे न्यायाधीशाच्या मर्जीवर. शिवाय समन्स हाती पडूनही भयाने वा अज्ञानाने कोर्टाची पायरी न चढणाऱ्या आणि एकतर्फी हुकूमनाम्याखाली बुडणाऱ्या कुळाच्या वाट्यास त्यातले काहीच येत नव्हते. म्हणूनच याच कायद्यातील गावनिबंधकाची योजना मला अधिक मर्मग्राही वाटते, कारण शेतकऱ्याचा दस्तऐवज निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा या अटीने राज्यसत्तेचा हात फिर्यादीच्या आधी, अंगठा उठण्याच्या क्षणीच, पोहोचत होता.

निर्धनास वकील देण्याच्या तत्त्वाचा पुढील इतिहास भराभर सांगता येतो. 1976 साली संविधानात अनुच्छेद 39-अ आला. 1978 साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्धन कैद्याचा अपिलासाठी विनामूल्य वकिलाचा हक्क मानला. आणि 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून अंमलात आला. या कायद्याने विधी सेवेच्या व्याख्येतच कोणत्याही कायदेशीर बाबीवरील सल्ला घातला, हे मला त्याचे सर्वांत मोठे श्रेय वाटते. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतील व्यक्ती इत्यादींना उत्पन्नाची अट नाही. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे.

केडगाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण नगरच्या जिल्हा न्यायालयात. नेप्तीच्या बाजारात कांदा घालून परतणाऱ्या शेतकऱ्याने तारणाच्या किंवा साठेखताच्या कागदावर सही करण्यापूर्वी तेथे जाऊन तो कागद वकिलाकडून समजून घ्यावा. दावा दाखल होईपर्यंत थांबण्याचे त्यास कारण नाही, आणि तो वरील अटींत बसत असेल तर त्या सल्ल्यासाठी त्याच्याकडून एक पैसाही मागता येत नाही.