हरभऱ्याच्या मुळांचा शोध

हरभऱ्याला पेरणीनंतर पुष्कळदा एकही पाऊस मिळत नाही. पावसाळ्यात काळ्या जमिनीने साठवलेल्या ओलीवरच तो वाढतो. घाटे भरू लागतात तेव्हा नेमका वरचा थर कोरडा पडतो. ओल उरते ती खोलवर. मग ज्याची मुळे खोल, तेच झाड तगणार, नाही का?

पण मुळे तर मातीत दडलेली! हैदराबादजवळ पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' संस्थेतील शास्त्रज्ञांनी १२० सेंटिमीटर उंचीच्या नळकांड्यांत माती भरून रोपे वाढवली आणि नंतर माती पाण्याने अलगद धुऊन मुळे मोजली. मोठे चिकाटीचे काम! 'आयसीसी ४९५८' या वाणाची मुळे भरघोस निघाली. परंतु संकरातून आलेल्या हजारो रोपांची मुळे अशी धुणार कोण?

उपाय सापडला तो पानात. या गुणाशी निगडित जनुके एका गुणसूत्राच्या लहानशा भागात आढळली. आता कोवळ्या पानातील डीएनए तपासला, की तो भाग रोपात उतरला किंवा नाही हे कळते. अशी निवड करीत, 'पुसा ३७२' या वाणाशी पुनःपुन्हा संकर करून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा चना १०२१६' तयार केला. २०१९ मध्ये महाराष्ट्रासह मध्य भारतासाठी त्याची निवड झाली.

मात्र मोठी मुळे नेहमीच हिताची असे नाही. सारी ओल आरंभीच पिऊन टाकणारे झाड घाटे भरताना तहानलेलेच राहते! म्हणून मातीने भरलेली नळकांडी रोपांसकट वरचेवर तोलून, कोणते झाड केव्हा किती पाणी पिते याचाही हिशेब शास्त्रज्ञ ठेवू लागले.