दिवेलागणीचा दोष

भिवंडीत कामवारीच्या काठापासून नारपोलीपर्यंत कोठेही उभे राहिले, तरी यंत्रमागांची खटखट कानांवर येतेच. आणि ज्या गावाचा सारा व्यवहार असा विजेच्या आधारे चालतो, त्या गावात निर्वात नलिकांचा, म्हणजे जुन्या बोलीतल्या व्हॉल्व्हचा, ध्वनिवर्धक हौसेने घरी बांधणाऱ्याने झाळकाम शिकण्याआधी तेथील विद्युद्दाबाचा स्वभाव ओळखून घ्यावा, हे मला एका दोषाने शिकवले. त्या दोषाची कैफियत येथे मांडतो.

फ्लेमिंगने 1904 मध्ये दोन अग्रांची नलिका सिद्ध केली, ली डी फॉरेस्टने 1906 मध्ये तिच्यात तिसरे अग्र, म्हणजे ग्रिड, घातले, आणि पुढे अर्धशतकभर रेडिओपासून सभामंडपातील कर्ण्यापर्यंत सर्वत्र याच काचेच्या दिव्यांचे राज्य होते. आपल्याकडे 1954 मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यातही व्हॉल्व्ह तयार होत. माझ्या यंत्रात ईसीसी 83 आणि ईएल 84 हे दोन व्हॉल्व्ह होते. त्यांच्या हीटरांना 6.3 व्होल्ट आणि ईएल 84 च्या धनाग्राला सुमारे 250 व्होल्ट दाब हवा होता. जुन्या यंत्रांत एकदिशकारकही व्हॉल्व्हच असल्यामुळे तो सावकाश तापे आणि उच्च दाब हळूहळू चढे. सिलिकॉनचे डायोड मात्र कळ दाबताक्षणी पूर्ण दाब हजर करतात. म्हणून हीटर तापेपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धा मिनिट, तो दाब रोखून धरणाऱ्या रिलेची तजवीज मी केली होती.

दोष असा होता की, रात्री उशिरा निर्दोष चालणारे हे यंत्र दिवेलागणीला, आसपासचे कारखाने भरात असताना, मुकेच राही. रिले अर्धवट ओढला जाऊन नुसता गुणगुणे, आणि व्हॉल्व्हची तांबूस ज्योतही मंद दिसे. प्रथम मी व्हॉल्व्ह बदलले, मग रिले बदलला, आणि दोन्ही खर्च वाया गेले. कारण पंचनामा न करताच मी फैसला देऊन मोकळा झालो होतो. अखेरीस मल्टिमीटर घेऊन, दोष घडतो त्याच वेळी, मोजमाप केले. भिंतीतील 230 व्होल्टचा दाब 185 वर उतरला होता. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती दाबाला वरखाली 6 टक्क्यांची मुभा होती. ही घट त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडची होती. मागाची मोटार सुरू होताना नेहमीच्या प्रवाहाच्या पाचसहा पट प्रवाह ओढते, आणि एकाच वाहिनीवर अशा अनेक मोटारी चालू-बंद होत असल्या की, शेवटच्या टोकाला दाब खचतो.

त्यापुढचा हिशेब सरळ होता. रिलेच्या वेटोळ्यासाठी मी 9 व्होल्टचे रोहित्र वापरले होते. 230 व्होल्टला त्यातून डायोडांनंतर सुमारे 11.3 व्होल्ट मिळत, पण 185 व्होल्टला 8.8, आणि रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरची तूट वजा जाता 8.6 च उरत. बारा व्होल्टचा रिले खात्रीने ओढला जाण्यास साधारण तीनचतुर्थांश, म्हणजे 9 व्होल्ट, लागतात. हीटरचा दाबही 5.1 पर्यंत उतरला होता, आणि त्याला दहा टक्क्यांहून अधिक फरक सोसत नाही. रिलेसाठी 12 व्होल्टचे रोहित्र, 1000 मायक्रोफॅरडचे धारित्र आणि 7812 हा नियामक बसवताच तो संध्याकाळीही ठामपणे ओढला जाऊ लागला. हीटरांसाठी मात्र यंत्राआधी स्टॅबिलायझर ठेवावा लागला.

दुसरा दोष माझ्याच अज्ञानाचा होता. रिलेवर 250 व्होल्ट छापलेले पाहून मी त्याची संपर्काग्रे उच्च दाबाच्या एकदिश मार्गात घातली होती. ती महिन्याभरात एकमेकांना चिकटली. तो आकडा प्रत्यावर्ती प्रवाहाचा असतो, आणि त्याच रिलेवर एकदिश प्रवाहासाठी बहुधा 30 व्होल्टच लिहिलेले असतात. आपल्याकडचा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे अग्रांमधील ठिणगी विझते. एकदिश प्रवाहात तिला विझण्याची संधीच मिळत नाही. म्हणून रिलेची जागा रोहित्राच्या 200 व्होल्टच्या वेटोळ्यानंतर, पण डायोडांच्या आधी असावी, आणि धारित्र भरतानाचा पहिला लोंढा आवरण्यासाठी सोबत 100 ओहमचा रोध असावा.

उरलेल्या तपासणीचा क्रमही ठरलेला आहे. ईएल 84 च्या ऋणाग्रावरील 135 ओहमच्या रोधावर सुमारे 7 व्होल्ट दिसावेत. शून्य दिसल्यास व्हॉल्व्ह प्रवाह वाहत नाही, आणि बारा दिसल्यास तो अतिश्रमाने जळतो आहे. अशा वेळी ग्रिडवर धन दाब आढळला, तर आधीच्या टप्प्याला जोडणारे धारित्र गळते आहे असे बहुतेक वेळा निघते. नवे यंत्र प्रथम सिरीज बल्बमधूनच चालू करावे. बल्ब प्रखर पेटून तसाच राहिला, तर कोठेतरी शॉर्ट आहे.

मात्र यांपैकी काहीही करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वीज बंद केल्यावरही धारित्रात 300 व्होल्टपर्यंत दाब दबा धरून बसतो, आणि तो प्राणघातक ठरू शकतो. 47 मायक्रोफॅरडच्या धारित्राला 220 किलोओहमचा रोध कायम जोडलेला असला, तर मिनिटभरात तो जवळजवळ रिकामा होतो; तरीही मीटरने खात्री केल्याखेरीज आत हात घालू नये, आणि चालू यंत्रात मोजताना एक हात पाठीमागे ठेवावा.

माझी वाचकांना विनंती एवढीच आहे, की यंत्र बांधायला घेण्याआधी एक वही करावी आणि तिच्यात आपल्या घरच्या भिंतीतील दाबाच्या दोन नोंदी घ्याव्यात: एक माग बंद असतील त्या दिवशीची, आणि दुसरी ऐन कामाच्या दिवशी दिवेलागणीची. त्या दोन आकड्यांमध्ये जे यंत्र सुखाने चालेल, तेच भिवंडीत टिकेल.