खुब्यातला धातू आणि फाइलमधलं स्टिकर

मागे आपण गुडघेदुखीवर बोललो, तेव्हापासून गटाच्या बैठकीत खुब्याच्या ऑपरेशनचे प्रश्न सुरू आहेत. "ताई, आत बसवलेलं लोखंड गंजत नाही का?" हा तर ठरलेला. तर, ते साधं लोखंड नसतं आणि गंजतही नाही. पण झिजतं. आज त्या झिजेबद्दल.

मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं. ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. खुबा पूर्ण बदलताना हा गोळा कापून काढतात आणि हाडात दांडा बसवून त्यावर नवा गोळा लावतात. 'रिसरफेसिंग' या पद्धतीत गोळा कापत नाहीत. तो तासून त्यावर धातूची टोपी चढवतात आणि वाटीतही धातूचीच वाटी बसवतात. आपलं हाड वाचतं, म्हणून कमी वयाच्या रुग्णांना ही पद्धत बरी वाटली.

अडचण अशी, की टोपी आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमची. नुकतंच टाकवलेलं जातं फिरवलं की पिठात कच येते ना, तसंच इथं धातूवर धातू घासून कण सुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण आजूबाजूच्या मांसात साचतात, रक्तात जातात. काहींना त्यामुळे सूज येते, गाठ होते, सांधा सैल पडतो आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं.

यात बायकांना धोका जास्त. आपला खुबा लहान, म्हणून टोपीही लहान. अशा जोडात वाटीच्या कडेवर घर्षण होण्याची शक्यता वाढते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या नावाचा एक प्रसिद्ध रिसरफेसिंगचा सांधा आहे. तो बनवणाऱ्या स्मिथ अँड नेफ्यू कंपनीनं 2015 साली स्वतःच सांगितलं, की हा बायकांना बसवू नये. तोवर कितीतरी जणींना बसवून झाला होता!

आपल्या देशात गाजलं ते ए.एस.आर. खुब्याचं प्रकरण. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा हा धातूवर धातूचा सांधा रिसरफेसिंगसाठीही होता आणि पूर्ण खुबा बदलण्यासाठीही. ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीनं तो जगभरातून परत मागवला. भारतात सुमारे 4,700 ऑपरेशनं झाली होती. केंद्र सरकारनं 2017 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली, तेव्हा त्यातल्या 3,600 हून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. भरपाईची वेळ आली तरी द्यायची कुणाला? मला या सगळ्यात हीच गोष्ट जास्त टोचते.

म्हणून स्टिकर. सांध्याच्या खोक्यात छोटी स्टिकरं असतात, त्यांवर कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर असतो. एक दवाखान्याच्या कागदांवर लावतात. आपल्या डिस्चार्ज कार्डावरही लावून मागायचं. दिलं नाही तर पुन्हा मागायचं, लाजायचं नाही. ऑपरेशनआधी एवढंच विचारा: गोळा कशाचा, वाटी कशाची?

घाबरून मात्र जाऊ नका. आज बहुतेक खुब्यांत धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा आणि खास प्लास्टिकची वाटी असते. त्यांची गोष्ट वेगळी. पण ज्यांना धातूवर धातूचा सांधा बसवलाय त्यांनी दुखत नसलं तरी हाडांच्या डॉक्टरांकडे तपासणी चालू ठेवावी. जांघेत दुखणं, सूज, नव्यानं लंगडणं, चालताना आवाज येणं, यातलं काही असेल तर थांबू नये. रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासता येतं. बसवलेल्या उपकरणाचा त्रास 1800-180-3024 या मोफत सरकारी क्रमांकावर कळवता येतो.

पुढच्या बैठकीला, ज्यांच्या घरात कुणाचं खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांनी फाइल घेऊन या. स्टिकर आहे का, ते सगळ्याजणी मिळून बघू.