एरंडेलातला छर्रा

सायकलच्या दुकानात मिळतो तसला बारीक पोलादी छर्रा, एकसारखे उंच काचेचे ग्लास आणि फोनमधलं स्टॉपवॉच. घरातल्या द्रवांचा दाटपणा, पुस्तकातली श्यानता, ताडून पाहायला एवढं सामान पुरतं. ग्लास मात्र रुंद हवेत, कारण काचेला लागून जाणारा छर्रा रेंगाळतो. सगळे द्रव आदल्या रात्रीच ओट्यावर काढून ठेवायचे, म्हणजे सकाळी त्यांचं तापमान सारखं होतं. ही अट मी कधीच सोडत नाही. उष्णतेने दाटपणा झपाट्याने उतरतो. २० अंशांवरच्या एरंडेलाची श्यानता ३० अंशांवर निम्म्याहून कमी होते.

पाण्यात सोडलेला छर्रा बटण दाबेपर्यंत तळाला टण्णकन आपटतो. गोडेतेलातही तीच घाई. एरंडेलात मात्र पाहत राहावं असं घडतं. बोटभर खाली जायच्या आतच छर्‍याचा वेग ठरतो, मग तो वाढतही नाही की घटतही नाही. खाली ओढणारं वजन आणि त्याला अडवणारे रेटा नि घर्षण यांची बरोबरी झालेली असते. अशा संथ पडण्यातल्या घर्षणाचं सूत्र जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलं. म्हणून ग्लासाला दोन रबरबँड लावून त्यांच्यामधलाच वेळ घ्यायचा. छर्रा बाहेरून लोहचुंबक फिरवून वर आणता येतो, हात बरबटत नाहीत.

दाट म्हणजे जड, असं बहुतेकांना वाटतं. गोडेतेल पाण्यावर तरंगतं, तरी २० अंशांना शेंगदाण्याच्या तेलाची श्यानता पाण्याच्या सत्तर-ऐंशी पट भरते. एरंडेलही पाण्यापेक्षा हलकंच, आणि त्याची श्यानता जवळजवळ हजार पट! कारण रेणूंत आहे. एरंडेलातल्या मेदाम्लांपैकी सुमारे ९० टक्के वाटा रिसिनोलेइक आम्लाचा. त्याच्या साखळीवर हायड्रॉक्सिल गट असतो आणि त्यामुळे शेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून राहतात. शेंगदाण्याच्या तेलातल्या साखळ्यांवर असा गट नसतो, त्या सहज सरकतात.

मध एरंडेलाहून संथ. त्यात पाणी थोडं जास्त असलं, तरी छर्रा लवकर उतरतो.

टोमॅटो सॉसपुढे ही रीत थांबते. छर्रा वरच अडकून बसतो. पण तोच सॉस बाटली जोरात हलवली की भसकन ओघळतो, कारण हालचालीने त्याची श्यानता कमी होते. घोटलेल्या दह्याचंही तसंच. अशा द्रवांसाठी एक आकडा देऊन भागत नाही. तापमानाबरोबर ते किती वेगाने ढवळले हेही लिहावं लागतं.