डॅशपॉटमधले चमचाभर तेल

एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार, ऑस्टिन-हीली अशा जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांपैकी पुष्कळांच्या इंजिनावर एसयू जातीचे कार्बोरेटर असतात. कुठे दोन, तर 1961च्या जॅग्वार ई-टाइपवर तीन. प्रत्येक कार्बोरेटरच्या घुमटाकार डोक्यावर काळी किंवा पितळी टोपी असते. ती फिरवून वर काढली की तिला जोडलेली बारीक दांडी आणि दांडीच्या टोकाचा लहानसा दट्ट्या तेलातून निथळत बाहेर येतो. आतल्या पोकळ नळीत, म्हणजे डॅशपॉटमध्ये, मावणारे हे तेल जेमतेम चमचाभर असते. पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी सरळ उचलते की आचका देते, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. इंग्लंडमधील जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा कार्बोरेटर तयार केला. घराण्याचा धंदा पादत्राणांचा होता, आणि सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता. 1926मध्ये ही कंपनी मॉरिसकडे गेली आणि पुढे ब्रिटिश मोटारींच्या अनेक पिढ्यांवर हाच कार्बोरेटर बसत राहिला. भारतातल्या मिस्त्रींनाही तो परका नाही. 1955च्या एमजीए गाडीचे 1489 सीसीचे इंजिन आणि हिंदुस्तान अँबेसेडरला 1959पासून मिळालेले 1489 सीसीचे इंजिन एकाच बी-सीरिज घराण्यातले. जुन्या अँबेसेडरवरही एसयूच होता. सोलेक्स नंतर आला.

या कार्बोरेटरमध्ये हवेची वाट पिस्टन स्वतःच लहानमोठी करतो. इंजिनाची ओढ वाढली की तो वर सरकतो आणि त्याच्या खाली लटकलेली निमुळती सुई जेटमधून वर निघून जास्त पेट्रोल सोडते. अडचण येते ती एकदम रेस दिल्यावर. हवा लगेच धावते, पेट्रोल जड असल्याने मागे राहते आणि मिश्रण क्षणभर पातळ होते. इथे तेल कामाला येते. दट्ट्यातला झडपेसारखा भाग पिस्टनला वर जाताना तेलातून अडवतो, खाली येताना मात्र मोकळा सोडतो. पिस्टन किंचित रेंगाळला की जेटवरची ओढ वाढते आणि नेमके त्याच क्षणी जास्त पेट्रोल मिळते. एकाच वेगाने चाललेल्या गाडीत या तेलाला काहीच काम नसते.

म्हणून तेल फार पातळ असेल तर पिकअप घेताना गाडी अडखळते, कधी कार्बोरेटरमधून उलट खोकते. फार घट्ट असेल तर पिस्टन उशिरा उठतो, गाडी जड वाटते, धूर काळा येतो आणि प्लगवर काजळी धरते.

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) गाड्यांच्या बहुतेक पुस्तिका एसएई 20 तेल सुचवतात. ट्रायम्फच्या काही गाड्यांवरील, एसयूसारख्याच स्ट्रॉम्बर्ग कार्बोरेटरमध्ये मात्र इंजिनातलेच मल्टिग्रेड तेल चालत असे. नेहमीचा घोटाळा इथेच होतो. 20W-50 मधला ‘20W’ आकडा थंडीतल्या वागणुकीचा आहे. ते एसएई 20 नव्हे. 100 अंश सेल्सिअसला एसएई 20 ची स्निग्धता 6.9 ते 9.3 सेंटिस्टोक असते, तर 20W-50 ची 16.3च्या वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

हैदराबादच्या काचीगुड्यासारख्या ठिकाणी हा फरक जाणवतो. तिथे जानेवारीच्या पहाटे पारा पंधराच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. त्यात बी-सीरिज इंजिनात हवा आत घेण्याचे आणि धूर सोडण्याचे मार्ग एकाच बाजूला, त्यामुळे कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या वरच बसतात. काचीगुडा स्थानकापासून कोठीपर्यंतच्या गर्दीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहिली की डॅशपॉटमधले तेल इंग्लंडच्या हवेसाठी लिहिलेल्या पुस्तिकेने गृहीत धरल्यापेक्षा बरेच पातळ होते. शिलाई मशीनचे तेल इथे मुळीच घालू नये. ते आधीच फार पातळ.

शुद्ध एसएई 20 दुकानात सहज मिळत नाही. बहुतेक ठिकाणी 20W-40 किंवा 20W-50 पुढे केले जाते. सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे व्हीजी 68 हायड्रॉलिक तेल. हा आकडा 40 अंशांवरची स्निग्धता सांगतो आणि ते साधारण एसएई 20 च्याच पंगतीत बसते. सिकंदराबादच्या राणीगंजमधील यंत्रसामग्रीच्या बाजारात ते शोधावे. मोटारसायकलचे फोर्क तेलही चालते, पण त्याच्या डब्यावरचा ‘10’ किंवा ‘20’ कंपनीगणिक बदलतो. म्हणून 40 अंशांचा सेंटिस्टोक आकडा पाहूनच घ्यावे. 60 ते 70च्या दरम्यान असेल तर उत्तम. ब्रेक ऑइल कधीही घालू नये.

भरण्याआधी टोपी पाहावी. काहींना हवेसाठी बारीक छिद्र असते, काहींना नसते. दोन्हींची तेलाची पातळी वेगळी असल्याने टोप्यांची अदलाबदल करू नये आणि पातळी त्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावी. स्ट्रॉम्बर्गची खूण सोपी आहे: टोपी खाली नेताना ती बसायला सुमारे 6 मिलिमीटर उरले असता दांडीला अडथळा लागला, की तेल बरोबर. जास्त भरलेले तेल इंजिनात ओढले जाते; त्याने अपाय होत नाही, पण पातळी पुन्हा उतरते. पिस्टनच्या बाहेरच्या कडेला आणि घुमटाच्या आतल्या भिंतीला तेल लावू नये, ते भाग पेट्रोलने पुसून कोरडे ठेवावेत. घुमट आणि पिस्टन जोडीने बनवलेले असतात. दोन कार्बोरेटर एकदम उघडले तर जोड्या मिसळू देऊ नयेत.

तेलावर दोष टाकण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. इंजिन बंद असताना पिस्टन बोटाने उचलून सोडला की तो ‘टक्’ असा आवाज करत खाली बसला पाहिजे. अडकत असेल तर दोष पिस्टनचा किंवा सुईचा. आणि चोक थोडासा ओढल्यावर आचके थांबत असतील तर मिश्रणच पातळ आहे. घट्ट तेल घालून हे दोष झाकता येतात, पण मग प्लग काळे पडतात आणि पेट्रोल वाया जाते.

हैदराबादच्या हवेत एसएई 20 किंवा व्हीजी 68 ने सुरुवात करावी. उन्हाळ्यात तापलेली गाडी खोकू लागली तरच 20W-50 घालून पाहावे, आणि पावसाळ्यात ते काढून पुन्हा पातळ तेल भरावे.